एका डॉलरनं गावाच्या चुली विझवल्या

या, बसा. चहा टाकतोच, फक्त हा भाताचा टोप आधी चुलीवर चढवू द्या. हां, आता निवांत. गावात लग्न आहे, बँड तुम्हालाही ऐकू येतोय, आख्खं गाव तिकडे मांडवात आहे, आणि हा रुपेश एकटाच घरी चुलीपुढे काय करतोय, असं तुमच्या मनात आलं असणार. आलं ना? मग सांगूनच टाकतो. आता काय आणि कुठून सांगू हाच प्रश्न आहे, कारण या भानगडीत मी जितका आत जातो तितका मीच सापडत जातो.

तर मी नवी मुंबईतल्या एका कंपनीत कामाला आहे. आठवड्यातले चार दिवस घरूनच काम असतं. गाव आमचं अलिबागहून अर्ध्या तासावर, खाडीच्या काठाला. इथे बसून मी नेमकं काय करतो हे गोदाआत्याला, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीला, मी सहा वर्षं समजावतोय. तुम्हालाही थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय माझा गाढवपणा कळायचा नाही.

एकच प्रोग्राम वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर चालवायचा असतो. प्रत्येक कॉम्प्युटरला सूचनांची वेगळी फाइल लागते. त्या फाइली हातानं लिहीत बसायला नको म्हणून त्या लिहून देणारा प्रोग्राम मी लिहितो. आता त्या सूचनांमध्ये रिकाम्या जागा असतात. इथे नाव घाल, इथे नंबर घाल, असं. पण रिकामी जागा दाखवायची खूण प्रत्येकाची निराळी! लिनक्सवाला म्हणतो, आधी डॉलर लाव. विंडोजवाला म्हणतो, डॉलर नको, दोन्ही बाजूंना टक्क्याची खूण लाव. आणि या सगळ्यांकडून काम करून घेणारा 'मेक' नावाचा एक मुकादम असतो, त्याची तर तऱ्हाच वेगळी. त्याला डॉलर दिसला की तो स्वतःचाच वाटतो. हे तुझं नाही, पुढच्याला दे, असं त्याला सांगायचं तर एकाच्या जागी दोन डॉलर लिहायचे. मग एक तो ठेवून घेतो आणि एक पुढे देतो.

हे सगळं ऐकून आत्या शांतपणे म्हणाली, "म्हंजे दलाल हाय तो."

सहा वर्षांत माझं काम समजलेली ती पहिली व्यक्ती.

आता दुसरी बाजू ऐका. गेल्या वर्षी माझ्या बहिणीचं, मानसीचं लग्न ठरलं. मुलगा उरणचा, माणसं चांगली. आणि आमच्याकडे लग्न म्हटलं की पहिला प्रश्न मुहूर्ताचा नसतो, आमंत्रणाचा असतो. तुमच्याकडे कसं आहे माहीत नाही, पण आमच्या गावात आमंत्रणं दोन प्रकारची. एक, एका माणसाचं. म्हणजे घरातून एकानं यायचं, अक्षता टाकायच्या, जेवायचं, घरी जायचं. दुसरं चूलबंद. म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही. म्हातारी, तान्हं पोर, मुंबईहून आलेला पाहुणा, झाडून सगळ्यांनी आपल्याकडे जेवायचं. कोणी कोणाला कधी कुठलं आमंत्रण दिलं होतं, यावर इथे माणसाची किंमत ठरते. चूलबंदच्या घराला चुकून एका माणसाचं दिलंत तर तीन पिढ्या तुमच्याकडे पाणी प्यायच्या नाहीत.

हा सगळा हिशेब गोदाआत्याच्या डोक्यात. साडेतीनशेच्या आसपास घरं. आमच्या घरचं कार्य असलं की तीच अक्षता घेऊन दारोदार जायची आणि प्रत्येक दारात योग्य ते बोलायची. पण गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ती ओटीवर पाय लांब करून बसलेली, लग्न दहा दिवसांवर आलेलं, बाबा चिंतेत. आणि अशा वेळी मी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं.

पण मी म्हणालो, "आत्या, तू फक्त नावं सांग. बाकी माझ्यावर सोड."

तीन दुपारी ती सांगत होती, मी लिहून घेत होतो. नाव, फोन नंबर, नाव, फोन नंबर. पत्रिकांवरची नावं अलिबागला चुलतभावाच्या छपाईच्या दुकानात छापायची, तिथलं मशीन विंडोजचं. फोनवर आमंत्रणाचे मेसेज माझ्या लॅपटॉपवरून जाणार, तो लिनक्सचा. वर सगळ्यांना कामाला लावायला मुकादम. मी म्हटलं, वा, हे तर माझंच काम. ऑफिसातला प्रोग्राम काढला, त्याला यादी दिली, त्यानं दोघांच्या फाइली तयार केल्या. इथे टक्के, इथे डॉलर, मुकादमाकडे दोन-दोन डॉलर. सगळं जिथल्या तिथे. मी इतका खूश की मानसीला बोलावून दाखवलं. तिनं माझ्याकडे पाहून विचारलं की यात तिच्या ब्लाऊजचं शिंप्याकडून काही कळेल का.

सगळं झाल्यावर आत्यानं चष्मा लावला आणि विचारलं, यात चूलबंद कुठं लिहिलंय?

लिहिलंच नव्हतं! तो रकानाच मी केला नव्हता. म्हणजे जेवणात मीठच नाही. मग पुन्हा यादी काढली. पुन्हा तीनशे चाळीस घरं. आत्या कंटाळली होती. एका माणसाची जी घरं होती त्यांना ती "एक, एक" म्हणत गेली, आणि मधूनच काहींपुढे काहीच बोलेना. मी विचारलं, याचं काय? तर म्हणाली, "पोरा, ज्याच्या म्होरं मी काय बोलले न्हाय, ते चूलबंद समज. घरच्या मान्सांचं काय सांगायचं?"

बरोबरच होतं. मी ते शब्दशः प्रोग्रामात घातलं. 'एक' आलं तर एका माणसाचं आमंत्रण. काहीच आलं नाही तर चूलबंद. आणि उशीर झाला होता म्हणून हा नवा रकाना मी प्रोग्रामाकडून न लिहून घेता तयार झालेल्या फाइलीत सरळ हातानं टाकला. नावापुढे दोन डॉलर होते, नंबरापुढे दोन डॉलर होते. आणि मी हातानं लिहिलेल्या जागी... बघा, तुमच्या चेहऱ्यावरून दिसतंय की तुम्हाला कळलंय. मला मात्र तेव्हा कळलं नाही.

असं म्हणू नका की मी तपासून पाहिलं नाही. पाहिलं तर! आधी तीन घरांना मेसेज पाठवला. आमच्या स्वतःच्या घरी, आत्याकडे आणि थळच्या मामाकडे. तिघांच्या फोनवर सुरेख मजकूर आला, 'आमच्या चि. सौ. कां. मानसीच्या विवाहास आपणांस चूलबंद आमंत्रण.' मी खूश. तिन्ही घरं चूलबंदचीच होती, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. रविवारी सकाळी सगळ्यांना पाठवून दिलं आणि पोहायला गेलो.

थांबा, जाळ कमी वाटतोय, दोन लाकडं सारतो. हां.

एक घर तेवढं यादीत नव्हतं. काशिनाथकाकांचं. काका म्हणजे बाबांचे सख्खे चुलतभाऊ, बाबांपेक्षा मोठे, घर आमच्या मागच्या आळीला. लहानपणी मी आमच्यापेक्षा त्यांच्याकडेच जास्त जेवलोय. पण मानसीच्या लग्नाच्या नऊ वर्षं आधी त्यांच्या मुलाचं, विकासदादाचं लग्न झालं, तेव्हा सख्ख्या चुलतभावाच्या घराला त्यांनी एका माणसाचं आमंत्रण दिलं. बाबांना ते इतकं लागलं की ते एकटे गेले, अक्षता टाकल्या, अर्ध्या पानावरून उठले आणि परत आले. तेव्हापासून बोलणं बंद. काकाही कधी बोलायला आले नाहीत. यादी करताना आत्या त्या नावापाशी थांबली होती, पण बाबा आतून म्हणाले की ते नाव घ्यायचं नाही. ओळच टाकली नाही मी.

मेसेज गेल्यावर दोन दिवस गाव माझ्याशी इतकं प्रेमानं वागायला लागलं की विचारू नका. न्हाव्यानं दाढीचे पैसे घेतले नाहीत. किहीमला ज्यांच्या बंगल्याची बाग बाबा बघतात, ते मुंबईचे साहेब फोन करून म्हणाले की आमच्याकडे चूल नाही, इंडक्शन आहे, ते बंद ठेवलं तर चालेल का. मी हसून म्हणालो, चालेल की साहेब. मला वाटलं, मोठी माणसं, गंमत करतात.

आणि शाळेचे मास्तर! त्यांना एका माणसाचं होतं. ते रस्त्यात मला थांबवून म्हणाले, "रुपेश, अरे मेसेज वाचला. एवढा मान? आमच्याकडे सध्या अकरा माणसं आहेत रे. मेहुणे आलेत."

मी काय म्हणावं? मी म्हणालो, "मास्तर, या की सगळे. लाजता काय?"

अहो, आपण म्हणतोच ना असं! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, माझ्या मेसेजची भाषाच तशी झालीये.

गुरुवारी लग्न. शाळेच्या पटांगणात मांडव. दामू आचाऱ्यानं सहाशे पानांचा अंदाज धरलेला. भात, वरण, वालाची भाजी, पुऱ्या, बुंदी, मठ्ठा. वऱ्हाडाच्या दोन बसपैकी एक वेळेवर आली, दुसरी बंदरावर जाणाऱ्या कंटेनरच्या रांगेत अडकली. त्या बसमध्ये मुलाची मामेमंडळी, साठेक माणसं. फोनवर फोन चालू होते. मुहूर्त साधला, अक्षता पडल्या, मानसी रडली, मीही रडलो. पहिली पंगत बसली. सगळं छान चाललं होतं.

दुसऱ्या पंगतीला मी वाढायला उभा होतो. मास्तर बसले, त्यांच्या शेजारी त्यांची बायको, मुलं, मेहुणे, मेहुण्यांची सासू. पलीकडे न्हावी आणि त्याचे सगळे भाऊ. वाणी, म्हणजे आमच्या गावातलं एकमेव दुकान चालवणारे, तेही दुकानाला कुलूप लावून घरच्या चौदा माणसांसह. किहीमचे साहेब सहा पाहुणे आणि एक कुत्रा घेऊन. मला वाटलं, लोकांचं किती प्रेम आहे आपल्यावर. खरं सांगतो, ऊर भरून आला.

मांडवाबाहेर तिसऱ्या पंगतीची गर्दी पाहून दामू आचारी माझ्याजवळ आला. त्याचा चेहरा पाहूनच माझा ऊर रिकामा झाला. भाताचा शेवटचा टोप निम्म्यावर आलाय, म्हणाला, आणि तांदळाचं पोतं संपलंय.

आत्या खुर्चीवर बसूनच पंगती पाहत होती. तिनं मला बोटानं खुणावलं. म्हणाली, ही सगळी एका माणसाची घरं आहेत, मग घरभर कशी आली? आणि न्हाव्याच्या पोराला बोलावून त्याचा फोन मागून घेतला, चष्मा नाकावर ओढला आणि मेसेज वाचला. एकदा वाचला, मग पुन्हा वाचला. मग माझ्याकडे पाहिलं.

"किती जणांना गेलंय ह्ये?"

मी लॅपटॉप आणला. मांडवातच, बुंदीच्या परातीशेजारी बसून फाइल उघडली. आणि दिसलं. नावापुढे दोन डॉलर. नंबरापुढे दोन डॉलर. आमंत्रणाच्या प्रकारापुढे एक. मुकादमानं तो एकुलता एक डॉलर पाहिला, म्हणाला, हा माझाच, स्वतःचा खिसा चाचपला, खिशात काही नव्हतं, तेच रिकामं पुढे पाठवलं. तीनशे चाळीस वेळा. आणि पुढच्याला मीच शिकवून ठेवलं होतं, काही आलं नाही तर चूलबंद.

"सगळ्यांना," मी म्हणालो.

आत्यानं फोन न्हाव्याच्या पोराला परत दिला. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, कारण त्याच क्षणी फोन आला की दुसरी बस अलिबागच्या नाक्यावर पोचली. मुलाची मामेमंडळी उपाशी येत होती. पोरीकडच्या मांडवातून नवऱ्याकडची माणसं न जेवता परत गेली तर मानसीला जन्मभर ते ऐकून घ्यावं लागलं असतं. 

मी म्हटलं, आत्या, शेजारपाजारी भात टाकायला सांगूया. चार घरांत चार कुकर लावले तर अर्ध्या तासात भात होईल. आपल्याकडे कोणाचं काही कमी पडलं तर असंच करतात की!

आत्या म्हणाली, कोणाच्या घरी? सगळ्यांच्या चुली तूच बंद केल्यास.

तेव्हा मला खरं कळलं मी काय केलंय ते. गावात एकाही घरी शिजलेलं काही नव्हतं. दुकान बंद, दुकानदार पंगतीत पुरी खातोय. बरं, त्यांना उठवून, जा हो, घरी जाऊन जरा चूल पेटवा, असं सांगावं, तर चूलबंद आमंत्रण देऊन त्याच घराला चूल पेटवायला लावणं म्हणजे आमंत्रण दिलेल्याच्या पानातला भात काढून घेणं. आत्या म्हणाली, त्यापेक्षा मी गुडघ्यावर चालत खाडीत जाईन.

मांडवाच्या कडेला उभा राहून मी गावाकडे पाहत होतो. भर दुपारी एकाही घरातून धूर नाही. असं आमचं गाव मी कधी पाहिलं नव्हतं. आणि मग मागच्या आळीच्या माडांमधून दिसला. एकच धूर, बारीकसा, निळा.

काशिनाथकाकांचं घर. यादीत नसलेलं एकमेव घर.

बाबांना न विचारता मी धावत सुटलो. काका ओटीवर बसून कोयत्याला धार लावत होते. मांडवातला बँड तिथपर्यंत स्वच्छ ऐकू येत होता. आख्ख्या गावाला चूलबंद आणि ह्यांच्या घरी साधी अक्षताही नाही, हे त्यांना किती लागलं असेल, ते मला त्यांच्या मानेवरून दिसत होतं. नऊ वर्षांत मी त्या ओटीवर पाय ठेवला नव्हता.

मी सगळं सांगितलं. डॉलर वगैरे गाळून.

काकांनी कोयता बाजूला ठेवला. "म्हंजे तू बोलवाया आलायस का भात मागाया?"

"दोन्ही," मी म्हणालो.

"मंग पयलं ठरव. चूल बंद करू का पेटती ठेवू?"

आतून काकू हसल्या. आणि काका एकदम म्हणाले, "येवढं चूलबंद वाटलंस गावभर. विकासच्या लग्नात तुलाच सांगितलं व्हतं ना? आपल्या घरचं तूच सांग, चूलबंद हाय म्हणून? मंग तुझा बाप एकटाच कसा आला? माझ्या दारात सख्ख्या भावाचं घर जेवलं न्हाय, अन् गावानं मला इचारलं."

अहो, माझ्या पायाखालची जमीन सरकली. कारण मला आठवलं. सगळं आठवलं. विकासदादाच्या लग्नात मी वीस वर्षांचा. आमंत्रणं सांगायला चुलत्यांबरोबर हिंडत होतो. काकांनी मला बोलावून सांगितलं होतं, तुमच्या घरी कोणाला पाठवायला नको, तू घरी जाशील तेव्हा सांग, चूलबंद. मी घरी आलो. टीव्हीवर मॅच चालू होती. बाबांना म्हणालो, काकांकडे लग्नाला बोलावलंय. एवढंच. आणि कॉलेजच्या परीक्षेला निघून गेलो, लग्नाला नव्हतोच. पुढचं मला वाटलं, कळेलच. घरच्या माणसांचं काय सांगायचं?

बाबांना ते कळलं नाही. आत्याच्या हिशेबात काही बोललं नाही म्हणजे चूलबंद, आणि बाबांच्या हिशेबात काही बोललं नाही म्हणजे एक माणूस. रिकामी जागा तीच, पण वाचणारे दोघं दोन तऱ्हेनं वाचणारे. पगार घेऊन मी हेच तर निस्तरत असतो! आणि स्वतःच्या घरात नऊ वर्षं भांडण लावून मोकळा झालो होतो. मला वाईट वाटलं, इतकं वाईट की तिथेच पायरीवर बसलो.

तेवढ्यात बाबा आले. माझ्या मागे मला शोधत आलेले, दारात थबकलेले. मी तसाच उठलो, दोघांच्या मधे उभा राहिलो आणि सांगून टाकलं. मॅचसकट. कोणाकडेही न बघता.

बँडवाल्यानं तेवढ्यात भलतंच उडतं गाणं सुरू केलं.

मग काका मला म्हणाले, आत जाऊन बघ. मी आत गेलो. मागच्या पडवीत तीन दगडांवर लग्नघरात असतो एवढा टोप, त्यात भात वाफेला आलेला. शेजारच्या टोपात वालाचं बिरडं. मुलं मुंबईला, घरात माणसं दोनच, आणि भात पन्नास-साठ जणांचा. काकू म्हणाल्या की सकाळपासून त्या परसातून मोजत होत्या, दामूनं किती टोप चढवले आणि मांडवात किती माणसं गेली. बारा वाजताच त्यांना कळलं होतं, पुरणार नाही. कोणी मागायला आलं नसतं तर काय केलं असतं, मी विचारलं. कोंबड्यांना घातला असता, काका बाहेरून म्हणाले, पण नामाची पोरगी आहे, टोप चढवल्याशिवाय बसवेना. नामा म्हणजे बाबा.

बाबांनी डोळे पुसले, अगदी उघड. मग म्हणाले, "काशीदादा, चूलबंद आमंत्रण. आत्ता, तोंडानं सांगतोय."

टोपाच्या एका कानाला बाबांनी धरलं, दुसऱ्याला काकांनी, आणि दोघं म्हातारे तो टोप घेऊन भर दुपारी गावातून मांडवात आले. बिरड्याचा टोप माझ्याकडे. दुसरी बस तेव्हाच लागत होती. मामेमंडळी जेवली, पोटभर जेवली. मुलाच्या थोरल्या मामानं दोनदा बिरडं मागून घेतलं आणि विचारलं, वाल कोणी केलेत? आत्यानं सांगितलं, आमच्या घरचेच आहेत. मानसीला त्या दिवशी यातलं काही कळलं नाही. आता कळलंय, आणि माहेरी आली की ती दरवेळी मला त्यावरून टोमणे मारते.

आता तुम्ही म्हणाल, गोड झालं सगळं, मग रुपेश, तू चुलीपुढे का?

ह्या मे महिन्यात काकांच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं. आमंत्रण द्यायला काका स्वतः आले. अंगणात उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, चूलबंद आमंत्रण. मग बाबांकडे बघून, चूलबंद. मग माझ्याकडे बघून पुन्हा, चूलबंद. मी म्हटलं, कळलं काका. तर म्हणाले, "तुला न्हाय. तू घरी ऱ्हायचंस. गावात एक तरी चूल पेटती पायजे, अन् ती तुझी."

मला वाटलं, थट्टा करतायत. थट्टा नव्हती. आत्यानं तिथल्या तिथे हा गावाचा नियमच करून टाकला. आता कोणाचंही लग्न असो, आमच्या घराला आमंत्रण येतं ते असं, चूलबंद, रुपेश सोडून. सगळे नटून जातात आणि मी मोठा टोप चढवून बसतो, मांडवात कमी पडलंच तर म्हणून. ऑफिसात यालाच 'डिफॉल्ट' म्हणतात, म्हणजे रिकाम्या जागी काही मिळालं नाही तर वापरायचं ते ठरलेलं. गावानं त्या जागी माझं नाव लिहून ठेवलंय. आतापर्यंत तीन लग्नं झाली, भात एकदाही लागला नाही. प्रत्येक वेळी तो टोपभर भात आम्ही तीन दिवस परतून, दह्यात कालवून, कसाही खातो. आई तर आता बोलतही नाही. आज मास्तरांच्या मुलाचं लग्न, आज चौथी वेळ. म्हणून तर तुम्ही आलात तेव्हा इतकं बरं वाटलं. एकट्यानं नुसतं टोपाकडे बघत बसायचं म्हणजे...

फोन वाजतोय. आत्याचा आहे, एक मिनिट हं.

बोल आत्या. ... काय सांगतेस? ... किती माणसं? ... हो हो, तयार आहे, चढवलाय कधीचाच. ... नाही गं, विसरीन कसा? एकच तर काम दिलंयस.

ऐकलंत? मेहुणे पुन्हा आलेत. भात संपला मांडवात, टोप घेऊन ये म्हणते, लगेच. चला, उठा, एका कानाला तुम्ही धरा, एका कानाला मी धरतो. चहा राहिलाच बघा तुमचा, बोलता बोलता. ते झाकण जरा...

हा वास कसला हो येतोय?

आता काय सांगू आत्याला?